परजीवी की कर्करोग : न भरणाऱ्या जखमेचा प्रश्न

कर्करोगाची गाठ समजून शस्त्रक्रियेसाठी घेतली आणि कापल्यावर आतून जिवंत जंत निघाला, अशा हकिकती वैद्यकीय नियतकालिकांत अधूनमधून छापून येतात. त्या चटकदार असल्यामुळे डॉक्टर त्या आवडीने एकमेकांना सांगतात. उलट दिशेच्या हकिकतींना मात्र, म्हणजे महिनोन्‌महिने मलम लावलेल्या जखमेखाली कर्करोग निघाल्याच्या हकिकतींना, एवढी जागा मिळत नाही. त्या फार नेहमीच्या आहेत. त्वचेचे परजीवी आणि त्वचेचा कर्करोग यांच्यात होणाऱ्या गफलतीबद्दल आज जाणकारांत काय मतमतांतरे आहेत, याचा आढावा घेताना या दोन्ही दिशा एकत्र ठेवाव्या लागतात.

हा आढावा लोहाऱ्यावरून घ्यायला कारण आहे. धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडचा हा तालुका. १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले सास्तूर इथलेच, निम्न तेरणा धरणाचे माकणीही इथलेच. इथल्या शेतकऱ्याच्या पायावरची जखम भरेना, तर तो आधी गावातल्या डॉक्टरकडे जातो. मग लोहारा, उमरगा किंवा धाराशिव. तिथेही उतार पडला नाही की लातूर नाहीतर सोलापूर. ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारला तर बार्शी. प्रत्येक थांब्यावर जखमेला नवे नाव मिळते आणि प्रत्येक थांब्यावर वेळ जातो. परजीवी की कर्करोग, या प्रश्नाची पुस्तकी मांडणी आणि या रस्त्यावरची मांडणी यांत मोठे अंतर आहे, आणि माझ्या मते खरा वाद त्या अंतरात आहे.

मागचा इतिहास

हा गोंधळ जुना आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्याकडेच घडला आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर, ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे काढणारे तेच, यांनी १८६० च्या सुमारास ‘मदुरा पाय’ या विकाराचा अभ्यास हाती घेतला. पाय सुजतो, गाठी येतात, त्यांना तोंडे पडतात आणि त्यांतून दाणे बाहेर पडतात. ही वाढ बुरशीमुळे होते असे कार्टर यांनी मांडले आणि १८७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ते काही काळ साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. आजच्या वर्गीकरणात बुरशी परजीवींच्या यादीत बसत नाही, पण फुगलेला विद्रूप अवयव म्हणजे शरीराचीच बिघडलेली वाढ नसून त्यात बाहेरचा जीव असू शकतो, हा विचार त्या कामातून रुजला.

१८८५ मध्ये कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी ‘दिल्ली फोडा’च्या पेशींत चमत्कारिक सूक्ष्म आकार पाहिले. १९०३ मध्ये बोस्टनमध्ये जेम्स राइट यांनी तेच आकार एका आर्मेनियन मुलीच्या व्रणात दाखवले. हाच त्वचेचा लेशमेनिया. त्याच काळात दुसरे टोकही ताणले जात होते. एडिंबरोच्या विल्यम रसेल यांनी १८९० मध्ये कर्करोगाच्या गाठीतले गोल कण दाखवून हाच कर्करोगाचा जंतू असे जाहीर केले. पुढे ते कण शरीराच्याच पेशींत साठलेल्या प्रथिनाचे निघाले. डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना जंतामुळे उंदरांत कर्करोग होतो या शोधासाठी १९२६ सालचे नोबेल मिळाले, आणि तो शोध नंतर टिकला नाही. परजीवीला कर्करोग समजण्याइतकाच कर्करोगाला परजीवी समजण्याचा मोहही विद्वानांना झालेला आहे.

महाराष्ट्रातल्या तीन नोंदी इथे महत्त्वाच्या आहेत. १९३३ मध्ये ए. जे. नरोना यांनी पुण्यात नदीतली वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये ऱ्हायनोस्पोरिडिओसिस आढळतो हे दाखवले. नाकात, क्वचित डोळ्यावर किंवा त्वचेवर लालसर, खडबडीत, सहज रक्त येणारा मांसल कोंब असे त्याचे रूप. पाहणाऱ्याला गाठीचा संशय यावा असेच. तो घडवणाऱ्या जीवाचे कूळ ठरवायला शतक लागले. १९२३ मध्ये अ‍ॅशवर्थ यांनी त्याला बुरशी म्हटले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय अभ्यासाने तो माशांच्या परजीवींचा नातेवाईक ठरला. दुसरी नोंद १९५२ ची. गाडगीळ आणि शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीवाटे रक्त पाडणाऱ्या शिस्टोसोमा या कृमीचा स्थानिक प्रादुर्भाव शोधला. या जातीचा आफ्रिकेतला भाऊबंद मूत्राशयाच्या कर्करोगाला कारण होतो हे आता सर्वमान्य आहे, आणि त्याची अंडी त्वचेत अडकली तर चामखिळीसारखे पुंजके उठतात.

तिसरी नोंद उलट बाजूची आहे. टाटा मेमोरियलचे विकृतिशास्त्रज्ञ व्ही. आर. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये भारतीय राहणीशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. कमरेला वर्षानुवर्षे काचणाऱ्या धोतराच्या गाठीखाली होणारा कर्करोग त्यात आहे. कमरेवरचा काळपट, खाजरा, चिघळणारा पट्टा बघून आजही पहिली शंका नायट्याची किंवा खरजेची येते.

कोण कोण सोंग घेते

या यादीत पहिले नाव लेशमेनियाचे. वाळूमाशीच्या चाव्याने तो पसरतो. भारतात त्याचे जुने ठाणे राजस्थानात बिकानेरकडे. नंतर हिमाचलातले सतलजचे खोरे आणि केरळचा पश्चिम घाट इथूनही रुग्ण आढळू लागले. महाराष्ट्र हे त्याचे घर नव्हे. पण आखातात मजुरीला गेलेला किंवा राजस्थानात ट्रक नेणारा माणूस तो अंगावर घेऊन येऊ शकतो, आणि लोहाऱ्याच्या डॉक्टरला तो सुचणार नाही हीच अडचण. चेहऱ्यावर किंवा हातावर पुटकुळी येते, महिन्या-दोन महिन्यांत तिचा कडा उचललेला, मध्ये खोलगट, न दुखणारा व्रण होतो. म्हाताऱ्या माणसाच्या नाकाजवळ असा व्रण असेल तर बेसल सेल कर्करोग आणि हा यांत नुसत्या डोळ्यांनी फरक करणे तज्ज्ञालाही अवघड जाते. व्रण ताजा असेल तर कडेच्या खरवडीत जीव सापडतात, पण जुना होत जाईल तशी त्यांची संख्या घटते. म्हणजे रुग्ण जितका उशिरा पोचतो, तितकी सोपी तपासणी निकामी होत जाते. पुष्कळ व्रण वर्षभरात आपोआप भरून वण ठेवतात, ही आणखी एक गंमत. त्यामुळे कुठल्याही मलमाला यश मिळाल्यासारखे वाटते.

आपल्या भागासाठी त्याहून जवळचा आहे सिस्टिसर्कस, डुकरातल्या पट्टकृमीची अळी. कातडीखाली वाटाण्याएवढी, घट्ट, हलणारी, न दुखणारी गाठ. ती चरबीची गाठ समजली जाते, आणि कर्करोगाचा इतिहास असलेल्या माणसात आजार पसरल्याची गाठ समजली जाते. डुकराचे मांस न खाणाऱ्यालाही ती होते, कारण ती विष्ठेतल्या अंड्यांतून होते, म्हणजे न धुतलेली भाजी, घाण पाणी आणि हात यांतून. सोनोग्राफीत पाण्याच्या पिशवीत एका बाजूला चिकटलेला ठिपका दिसला की निदान जवळजवळ झालेच. सुईच्या तपासणीतही स्वच्छ पाणी आणि अळीच्या आवरणाचे तुकडे मिळतात. इथे एक सावधगिरी सगळेच सांगतात : गाठ ओळखली म्हणून लगेच जंताचे औषध सुरू करू नये, आधी मेंदूत आणि डोळ्यांत अळ्या नाहीत याची खात्री करावी. तिथल्या अळ्या औषधाने मेल्या की भोवती सूज येते आणि झटके येऊ शकतात.

हत्तीरोगाचा प्रश्न तर घरचाच. राज्यातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत सोलापूर, लातूर, नांदेडबरोबर धाराशिवही आहे. या रोगाचे जंत कधी स्तनात किंवा कातडीखाली गाठ करतात आणि सुईच्या तपासणीत कर्करोगाऐवजी सूक्ष्म अळ्या दिसतात. दुसरे रूप जास्त फसवे. वर्षानुवर्षे सुजलेल्या पायाची कातडी जाड होते, तिच्यावर चामखिळीसारखे कोंब येतात, ते फुटतात, वास मारतात. बहुतेक वेळा तो सुजेचाच परिणाम असतो. पण क्वचित त्याच पायावर खरा कर्करोग उगवतो आणि ‘हत्तीरोगच आहे’ म्हणून दुर्लक्षित राहतो.

नारूची गोष्ट आता वृद्धांपुरती उरली. बारवांत उतरून पाणी भरण्याच्या काळात महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांत होता. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारताला नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. जो जंत बाहेर न येता आतच मेला, त्याचा चुना होऊन तो पायात राहतो. सत्तरीच्या आजीच्या पोटरीतली दगडासारखी कठीण गाठ एक्स-रेमध्ये नागमोडी पांढऱ्या रेघेसारखी दिसते. तरुण डॉक्टरांच्या पिढीने नारू पाहिलेलाच नाही, त्यामुळे त्या सावलीने ते गोंधळू शकतात. रोग हटवण्याच्या यशाचा हा एक विचित्र दुष्परिणाम.

बाकीचे थोडक्यात. कुत्र्यांतला डायरोफिलेरिया हा जंत डासांमार्फत माणसात येतो आणि डोळ्याभोवती किंवा कातडीखाली एकटी गाठ करतो. केरळात तो सर्वाधिक नोंदला गेला आहे. गाठ काढली की निदान आणि उपचार दोन्ही एकदम होतात. पायाच्या बोटात शिरणारी टुंगा पिसू मध्ये काळा ठिपका असलेली गाठ करते, ती मेलॅनोमा या त्वचेच्या काळ्या कर्करोगासारखी वाटते. महाराष्ट्रातल्या अशा एका रुग्णाची नोंद १९८५ च्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आहे. रुतून बसलेला गोचीड लोक नवा तीळ समजतात, आणि भिंगातून पाय दिसले की प्रश्न मिटतो. खरजेचे मात्र इतके सोपे नाही. खरूज बरी झाल्यावर काखेत, जांघेत, लिंगावर उरणाऱ्या गाठींचा तुकडा तपासला तर त्यातल्या पेशी लसीका-कर्करोगासारख्या भासू शकतात. साध्या खरजेचा रुग्ण अशा अहवालामुळे कर्करोग विभागाच्या दारात जाऊन उभा राहू शकतो.

उलटी चूक

संख्येने पाहिले तर भारतीयांत त्वचेचा कर्करोग कमी. म्हणूनच तो सुचत नाही. इथे तो गोऱ्या देशांसारखा उन्हाने भाजलेल्या नाकावरच होतो असे नाही. जुन्या भाजल्याच्या वणावर, कुष्ठरोग्याच्या बधिर तळव्यावरच्या वर्षानुवर्षांच्या व्रणावर, कमरेच्या काचलेल्या पट्ट्यावर तो बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’मध्ये परकराच्या नाडीखाली किंवा लुगड्याच्या काचाखाली कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत मांडली, तेव्हा खानोलकरांच्या निबंधाला जवळपास ऐंशी वर्षे झाली होती.

तळव्यावरचा मेलॅनोमा हा आणखी एक. बाभळीचा काटा मोडला असेल, कुरूप असेल, असे म्हणून तो ब्लेडने तासला जातो. आणि सर्वांत फसवी परिस्थिती म्हणजे जखमेत अळ्या पडणे. टर्पेंटाइन घालून अळ्या काढल्या, जखम धुतली, रुग्णाला बरे वाटले, घरी पाठवले. पण अळ्या धडधाकट कातडीत क्वचित पडतात. त्यांना सडलेले मांस लागते, आणि ते मांस सडले का, याचे उत्तर कधी कधी कर्करोग असते. इथे परजीवी आणि कर्करोग हे पर्याय उरतच नाहीत, दोन्ही एकाच जागी असतात. परजीवी डोळ्यांना दिसतो म्हणून दुसऱ्याचा शोध थांबतो.

सूक्ष्मदर्शकाखालचा पेच

सामान्य समज असा की तुकडा तपासला की वाद मिटला. तसे होत नाही. लेशमेनिया, खोल बुरशी, त्वचेचा क्षय अशा जुनाट संसर्गांवर वरची कातडी प्रतिक्रिया म्हणून वेडीवाकडी वाढते आणि तिची मुळे खाली उतरतात. वरवरचा छोटा तुकडा आला तर विकृतिशास्त्रज्ञाला ही वाढ आणि कमी आक्रमक स्क्वॅमस कर्करोग यांत भेद करता येत नाही. यातून गरज नसताना मोठी कापाकाप होऊ शकते. उलट, खऱ्या कर्करोगाचा वरवरचा तुकडा ‘फक्त प्रतिक्रिया’ म्हणून परत येऊ शकतो.

यावर विकृतिशास्त्रज्ञांत दोन कल दिसतात. एक गट विशेष रंगद्रव्ये, पेशींच्या वाढीचे प्रथिन-दर्शक आणि पीसीआर यांवर भर देतो. पीसीआर जुन्या व्रणातला थोडासा लेशमेनियाही पकडते, हे त्यांचे बलस्थान. दुसरा गट म्हणतो की हे दर्शक दोन्ही स्थितींत कमी-अधिक सापडतात, निर्णायक ठरत नाहीत. त्यापेक्षा कडेचा, खोलवरचा पुरेसा तुकडा आणि सोबत नीट भरलेला फॉर्म जास्त उपयोगी. जखम किती महिन्यांची, आधी काय उपचार झाले, रुग्ण कुठे राहून आला, हे त्या फॉर्मवर असेल तर पाहणारा काय शोधायचे ते जाणतो. मला दुसऱ्या गटाचे म्हणणे जिल्हा पातळीवर अधिक लागू पडणारे वाटते, कारण फॉर्म भरायला यंत्र लागत नाही. पण पहिल्या गटाची बाजू खोटी ठरत नाही. फॉर्म कितीही चांगला असला तरी जुन्या व्रणात जीवच दिसत नसेल तर तो काय करणार.

आधी तुकडा की आधी औषध

दवाखान्यातला मुख्य मतभेद इथे आहे. एक मत असे : चार ते सहा आठवड्यांत न भरणाऱ्या प्रत्येक जखमेचा तुकडा घ्यावा, अपवाद नको. त्यात चूक झाली तरी ती एका टाक्याची चूक असते. दुसरे मत ग्रामीण डॉक्टरांचे, आणि ते आळशीपणाचे मानू नये. बहुतेक जखमा साध्याच असतात, तुकडा पाठवायचा म्हणजे रुग्णाचा दिवसाचा रोज बुडतो, अहवालासाठी पुन्हा खेप. म्हणून आधी संशयित संसर्गाचे औषध ठरावीक मुदतीपर्यंत देऊन पाहावे. यातला कळीचा शब्द आहे मुदत. मुदत लिहून ठेवली तर हे धोरण चालते. न लिहिता औषध बदलत राहिले तर तेच धोरण वर्ष खाते.

तिसरे मत मधले आहे. आधी सुई, खरवड आणि सोनोग्राफी, त्यांतून उत्तर मिळाले नाही तर तुकडा. कातडीखालच्या गाठींसाठी हे उत्तम. उघड्या व्रणांसाठी कमी, आणि काळ्या तिळासारख्या वाढीसाठी मुळीच नाही. तिथे शक्य तर पूर्ण वाढ काठासकट काढूनच तपासावी, यावर जवळपास एकमत आहे.

रुग्णांचे मत वेगळेच. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती मराठवाड्यात घरोघरी ऐकू येते. सुईच्या मार्गाने पेशी पसरण्याचे प्रकार घडतात, पण ते विरळ आहेत, आणि निदान न होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. ही भीती निराधार म्हणून उडवून लावणारे डॉक्टर रुग्ण गमावतात. बरेचदा भीतीमागे अनुभव असतो : शेजारच्या काकांचा तुकडा काढला आणि सहा महिन्यांत ते गेले. ते दवाखान्यात उशिरा पोचले म्हणून वाचले नाहीत, पण घरच्यांना तो दोष तुकड्याचा दिसतो.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न कारणाचा. मूत्राशय आणि पित्तनलिका यांच्या बाबतीत परजीवी कर्करोग घडवतात हे मान्य झाले आहे. शिस्टोसोमा हिमॅटोबियम आणि दोन यकृतकृमी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत. त्वचेच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. लेशमेनियाच्या जुन्या वणावर कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत, पण तो परजीवीमुळे झाला की कुठल्याही जुन्या वणावर होतो तसा, हे वेगळे काढता आलेले नाही. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या एका प्रकरणाने तर सीमाच पुसली. कोलंबियातल्या एचआयव्हीबाधित माणसाच्या फुप्फुसांत आणि गाठींत सापडलेला कर्करोग त्याच्या स्वतःच्या पेशींचा नव्हताच, तो पट्टकृमीच्या पेशींचा होता.

दुसरा प्रश्न मोजणीचा. त्वचेचे मेलॅनोमा सोडून इतर कर्करोग बऱ्याच नोंदणींतून निसटतात, आणि त्वचेचे बहुतेक परजीवी कुठे नोंदवावेच लागत नाहीत. त्यामुळे गफलतीचे प्रमाण सांगणारा आकडा कुठून काढायचा? याबाबतीत हा प्रदेश मागासलेला नाही. १९८७ मध्ये बार्शीत सुरू झालेली ग्रामीण कर्करोग नोंदणी देशातली पहिली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके, आणि तिथले कार्यकर्ते रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगाव फिरतात. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ५२ गटांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या अभ्यासाने, २००९ मध्ये, एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात हे जगाला दाखवले. त्या यंत्रणेला त्वचेचा एक रकाना जोडता येईल का, हा विचार रास्त आहे. विरोधी मुद्दाही रास्त आहे : तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे काम अपुरे असताना विरळ रोगासाठी हात गुंतवावेत का?

तिसरा प्रश्न मोबाइलवरच्या निदानाचा. फोटो पाठवून दूरच्या त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे आता सरकारी व्यवस्थेतही शक्य आहे, आणि लोहाऱ्यासारख्या ठिकाणी एक खेप वाचते एवढेही पुष्कळ. पण फोटो पाहून आपोआप निदान सांगणाऱ्या प्रणालींवर मतभेद तीव्र आहेत. त्यांना शिकवण्यासाठी वापरलेला एक गाजलेला चित्रसंच ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांचा आहे. सावळ्या कातडीवरचे, तळव्यावरचे, काचलेल्या कमरेवरचे रोग त्यात जवळजवळ नाहीत, आणि लेशमेनिया, सिस्टिसर्कस तर नाहीतच. प्रणाली सुधारतील असे समर्थक म्हणतात, आणि ते शक्यही आहे. पण ज्या पर्यायाचे चित्र तिने पाहिलेच नाही तो ती सुचवणार कसा?

चौथा प्रश्न माणसांचा, आणि तो सर्वांत कमी चर्चिला जातो. कातडीला बारीक छेद देऊन खरवड काढणे, काचेवर पसरवणे, रंगवणे, हे काम कुष्ठरोग कार्यक्रमातल्या तंत्रज्ञांच्या हातात मुरलेले होते. पुढे कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला, निदान खरवडीवाचून, डोळ्यांनी व स्पर्शाने होऊ लागले, आणि डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे लक्ष्य गाठले गेले. लेशमेनियाची खरवड थोड्याफार फरकाने त्याच हातांनी निघते. पीसीआर आणायचे की ती कसबे पुन्हा शिकवायची, यावर आरोग्य विभागात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत. दरम्यान उमरग्याच्या किंवा लोहाऱ्याच्या बाह्यरुग्ण विभागात एखाद्याच्या पोटरीवरचा व्रण आठव्या महिन्यात असतो आणि त्याच्या केसपेपरवर मलमाचे तिसरे नाव लिहिलेले असते.